वकिलाची फी तासानं, पेशीनं की टप्प्यानं? आपल्या भागातल्या कंपन्यांचे नेहमीचे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावती या पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, जिनिंग, दाल मिल, संत्र्याचे पॅकहाऊस यांचे कागदपत्र, ठराव, कोर्टकचेरीची धावपळ हे माझं रोजचं काम आहे. संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये वकिलाचं बिल आलं की तेच तेच प्रश्न निघतात, म्हणून एकदाचे सगळे लिहून काढले. वकिलांविरुद्ध हे लिहिलेलं नाही. तालुक्याच्या कोर्टात उन्हातान्हात उभं राहून काम करणाऱ्या वकिलांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण फी कशी ठरवायची यावर आपल्याकडं कोणी तोंड उघडून बोलत नाही आणि मग दोन्ही बाजूंची मनं खराब होतात.

तासानं पैसे घेणारा वकील आपल्या इकडं आहे कोण? आम्ही हे कायले वाचायचं?

बरोबर आहे, वणीत, आर्वीत, दर्यापुरात घड्याळ लावून बिल करणारा वकील तुम्हाला भेटणार नाही. पण दोन कारणांसाठी वाचा. एक, कंपनी थोडी मोठी झाली, पुण्या-मुंबईच्या खरेदीदाराशी करार झाला, त्यात "वाद झाला तर लवाद मुंबईत" (लवाद म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणारा पंच) असं कलम असलं, की तुम्हाला मुंबईच्या लॉ फर्मकडं जावंच लागतं आणि तिथं बहुतेक वेळा तासाचा दर सांगतात. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपल्याकडं जी पेशीप्रमाणे, म्हणजे कोर्टाच्या प्रत्येक तारखेला, फी चालते ना, तिचा हिशोब तासाच्या बिलासारखाच आहे. तिकडं तास वाढले की बिल वाढतं, इकडं पेशा वाढल्या की. दोन्हीकडं उशीर झाला तर भुर्दंड एकट्या पक्षकारावर. माझं सगळं म्हणणं याच एका मुद्द्यावर आहे, की फी ठरवताना आकडा किती हे नंतर बघा, आधी हे बघा की केस लांबली तर त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडणार.

ताशी बिलिंग म्हणजे नेमकं काय असते?

फर्ममधला प्रत्येक वकील दिवसभर काय काम केलं याची वेळ लिहून ठेवतो, बऱ्याच ठिकाणी सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यात, म्हणजे तासाचे दहा तुकडे. फोनवर बोलले की एक तुकडा, ईमेल वाचला की एक तुकडा. पार्टनरचा दर वेगळा, ज्युनिअरचा वेगळा. महिन्याच्या शेवटी सगळी बेरीज करून बिल येतं.

ही पद्धत जुनी परंपरा वगैरे काही नाही. अमेरिकेत आधी वकील ठोक फी घ्यायचे आणि बार असोसिएशननं ठरवलेले किमान दर असायचे. १९५८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशननं एका पुस्तिकेत वकिलांना सांगितलं, की इतर धंद्यांच्या मानानं तुमची कमाई मागं पडली आहे, तेव्हा वेळेची नोंद ठेवायला शिका, वर्षात साधारण १३०० तास बिल करता येतील. नंतर १९७५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं गोल्डफार्ब केसमध्ये किमान फीचे ठरलेले दर बेकायदा ठरवले, कारण ते म्हणजे वकिलांनी आपसात भाव बांधून घेणं झालं. त्यानंतर ताशी बिलिंगनं तिथं जे बस्तान बसवलं ते आजपर्यंत आहे, आणि मोठ्या फर्ममधून ते आपल्या देशातही आलं.

मग त्यात वाईट काय आहे? काम केलं तर पैसे द्यायचेच ना?

द्यायचेच. आणि खरं सांगतो, ताशी बिलिंग म्हणजे लूट असं मी म्हणणार नाही. काम किती मोठं आहे याचा कोणालाच अंदाज नसेल, म्हणजे समजा अचानक एखाद्या खात्याची चौकशी लागली, तिथं तासाचा दर दोघांनाही न्याय देऊ शकतो.

कापूस वेचणी आपण किलोवर देतो, निंदण रोजानं देतो आणि कुंपणाचं काम गुत्त्यानं, कारण प्रत्येक कामात कुठं लक्ष ठेवता येतं आणि कुठं नाही हे आपल्याला माहीत आहे. वकिलाच्या कामात आपल्याला लक्ष ठेवता येत नाही. करार वाचायला चार तास लागले की दोन, हे आपण बांधावर उभं राहून बघू शकत नाही. म्हणून रोजाची पद्धत तिथं बिनधास्त चालत नाही.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. मीटर चालू आहे म्हटलं की संचालक फोनच करत नाहीत. खरेदीदारानं मेलवर काही पाठवलं, शंका आली, तरी "कायले विचारता, बिल येईन" म्हणून गप्प बसतात, आणि मग सही केल्यावर कळतं की कलम उलटं होतं. पाच मिनिटांच्या फोनचे पैसे वाचवायला जातात आणि पूर्ण हंगामाचा माल अडकतो. ज्या फी पद्धतीत पक्षकार वकिलाला फोन करायला घाबरतो ती पद्धत चुकीची, मग आकडा कितीही कमी असो.

पेशीप्रमाणे फी देतो, त्यात काय अडचण आहे?

पेशीला गेलो, न्यायाधीश रजेवर. पुढच्या पेशीला समोरच्या वकिलाचा अर्ज. त्याच्या पुढच्या वेळी कागद आले नाहीत. तिन्ही पेशांची फी लागली आणि काम शून्य. यात वकिलाचा दोष असतोच असं नाही, तो बिचारा सकाळपासून कोर्टात बसून होता. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १७ मध्ये लिहिलेलं आहे की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, पण प्रत्यक्षात काय चालतं ते तारखा मोजणाऱ्या कोणालाही विचारा.

पेशीची पद्धत पूर्ण सोडायची नसेल तर निदान दोन दर ठरवा. ज्या दिवशी खरं काम झालं, म्हणजे साक्ष झाली, उलटतपासणी झाली, युक्तिवाद झाला, त्या पेशीची पूर्ण फी. नुसती तहकूब झाली तर जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडी रक्कम, आणि ती तहकुबी आपल्याच वकिलानं मागितली असेल तर काही नाही. कोणत्या तारखेला काय झालं हे ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर केसचा सोळा अंकी सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा ओळख क्रमांक, टाकला की दिसतं, त्यामुळे भांडणाचं कारण राहत नाही. हे एवढं जरी केलं तरी मोठा फरक पडतो.

ठोक फी आणि टप्प्याची फी, दोन्ही एकच झाले ना?

नाही. ठोक म्हणजे पूर्ण केसचे एवढे, बस. ऐकायला गोड वाटतं, पण कोर्टाच्या केसमध्ये पूर्ण ठोक फी मी शक्यतो सुचवत नाही, कारण मग सगळा उशीर वकिलाच्या अंगावर पडतो. अर्धी फी आधीच घेतली, केस चार वर्षं चालली, तर त्याचा जीव त्या केसमध्ये राहत नाही, ज्युनिअर पाठवतो. हा माणसाचा स्वभाव आहे. ठोक फी चांगली ती ठरलेल्या कामाला: कराराचा मसुदा, नोटीस, गोदामाचा भाडेपट्टा, ट्रेडमार्क अर्ज, नियमावली दुरुस्ती.

कोर्टाच्या कामाला टप्पे. समजा तुमच्या कंपनीनं एका व्यापाऱ्याला तूर दिली, पैसे अडकले, रक्कम तीन लाखाच्या वर आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तीन लाखापासूनचे व्यापारी वाद व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली येतात. तिथं तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दावा टाकण्याआधी मध्यस्थी करावीच लागते, कलम १२-अ, आणि सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन केसमध्ये सांगितलं की ही मध्यस्थी सक्तीची आहे, ती टाळून दावा टाकला तर फेटाळला जाईल. मध्यस्थीची मुदत तीन महिने, दोघं तयार असतील तर आणखी दोन. समोरच्याला लेखी जबाब द्यायला जास्तीत जास्त १२० दिवस, नंतर त्याचा हक्क जातो.

आता बघा, कायद्यानंच टप्पे पाडून ठेवलेत, आपण फक्त त्याला फी जोडायची. मी साधारण असं वाटप सुचवतो: एकूण ठरलेल्या फीपैकी नोटीस आणि मध्यस्थीला १५ टक्के, दावा तयार करून दाखल करायला २५, मुद्दे निघून (म्हणजे वाद कशावर हे कोर्टानं ठरवून) पुरावा संपेपर्यंत २५, युक्तिवाद आणि निकालाला २०, आणि शेवटचे १५ दरखास्तीला, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून पैसे वसूल करायला. हा नमुना आहे, तुमच्या केसप्रमाणे बदला. यात दोन गोष्टी मुद्दाम ठेवल्यात. पहिली, मध्यस्थीला वेगळी आणि बरी फी. नाही तर मध्यस्थीत मिटलं की वकिलाचं नुकसान आणि केस चालली की फायदा, असं होतं, आणि हे कोणत्याही माणसाला मोहात पाडणारं आहे. मिटवण्याला चांगले पैसे द्या. तिथं झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकी किंमत असते, तिची थेट अंमलबजावणी होते, मग वर्षानुवर्षं खेटे घालायचे कशाला.

दुसरी गोष्ट दरखास्त. निकाल हातात आला म्हणजे पैसे आले असं समजून लोक पेढे वाटतात आणि खरी मेहनत तर तिथून पुढं असते, मालमत्ता शोधा, जप्तीचे अर्ज करा. दरखास्तीचा टप्पा आधीच लिहून ठेवला नाही तर तिथं नव्यानं घासाघीस सुरू होते आणि तेव्हा तुमचा हात दगडाखाली असतो. अपील मात्र वेगळं ठेवा, ते नागपूर खंडपीठात गेलं तर वकीलही वेगळा लागू शकतो.

जिंकलो त टक्का देतो, हारलो त काही नाही, असं चालते का?

नाही चालत, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात, वकिलांच्या वर्तणुकीच्या भागात, नियम २० सरळ सांगतो की निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. २०१७ मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टापुढं हेच होतं. अपघातात नवरा गेलेली बाई, वकिलानं नुकसानभरपाईच्या टक्क्यात फी मागितली, तिच्याकडून चेक घेतला आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच केस केली. कोर्टानं ती केस रद्द केली आणि टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे असं सांगितलं.

आपल्या भागात धरणात, रस्त्यात जमिनी गेल्या, वाढीव मोबदल्याच्या केसेस झाल्या, त्यात टक्क्यानं बोली झालेली किती घरं आहेत हे तुम्हालाही माहीत आहे. सगळे करतात म्हणून ते कायदेशीर होत नाही.

परदेशात वेगळं आहे. अमेरिकेत दिवाणी नुकसानभरपाईच्या केसेसमध्ये टक्केवारीची फी सर्रास चालते, इंग्लंडमध्येही २०१३ पासून मिळालेल्या रकमेत वाटा घेण्याचे करार ठरावीक मर्यादेत चालतात. इंटरनेटवर "सक्सेस फी"बद्दल वाचून कोणी ते आपल्या करारात जसंच्या तसं टाकायला सांगितलं तर टाकू नका.

मग वकिलाला उत्साह कशाचा? टप्पा वेळेत पूर्ण करण्याचा. प्रत्येक टप्प्याची थोडी रक्कम, समजा दहावा हिस्सा, राखून ठेवा आणि काम मुदतीत झालं, कागदाच्या प्रती मिळाल्या, तारखेची खबर वेळेवर आली, तर ती द्या. ही रक्कम कामाच्या दर्जाशी जोडलेली आहे, निकालाशी नाही. निकाल काहीही लागो, वकिलानं आपलं काम नीट केलं तर पैसे मिळालेच पाहिजेत.

महिन्याचं बांधून घ्यावं का वकिलाले?

म्हणजे रिटेनर. कंपनीची उलाढाल बरी असेल, वर्षभर काही ना काही निघत असेल तर घ्या, मला ही पद्धत आवडते कारण फोन करायची भीती जाते. पण आपलं काम बारमाही सारखं नसतं. दसरा-दिवाळीपासून कापूस-सोयाबीन सुरू होतो, मग तूर, मार्चपर्यंत नुसती धावपळ, सगळे करार आणि सगळे वाद त्याच काळात. जुलै-ऑगस्टमध्ये वकिलाला काय काम देणार? म्हणून सपाट बारा महिन्यांच्या रिटेनरपेक्षा हंगामी रिटेनर करा, ऑक्टोबर ते मार्च जास्त, बाकी महिने अगदी थोडा. हंगामात रोखही हातात असते.

रिटेनरमध्ये काय धरलं हे लिहिणं फार गरजेचं आहे. माझ्या मते हे असावं: फोनवरचा सल्ला, खरेदी-विक्रीचे करार वाचणं, साध्या नोटिसा आणि त्यांची उत्तरं, बाजार समितीचा परवाना आणि हमालीचे किरकोळ प्रश्न. करार वाचताना वकिलाला ओलाव्याचं कलम दाखवाच. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, हमीभावाच्या कापसात ८ ते १२ टक्के ओलावा बघते, आठच्या वर गेला की भाव कमी करते आणि बाराच्या वर घेत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खाजगी खरेदीदाराच्या करारात ओलावा कुठं मोजायचा, लोडिंगला की त्याच्या गोदामात, हेच लिहिलेलं नसतं आणि निम्मे वाद तिथंच पेटतात. रिटेनरवरचा वकील असेल तर हे गाडी भरायच्या आधी सुधारतं.

कोर्टात उभं राहणं मात्र रिटेनरच्या बाहेर ठेवा. आणि तीन महिन्यांनी एकदा बसून बघा, काम जास्त झालं असेल तर त्याला वाढवून द्या, कमी झालं असेल तर पुढच्या हंगामात वळतं करा.

चेक बाउन्सच्या दहा-वीस केसेस आहेत, प्रत्येकाची फी वेगळी कशी द्यायची?

गठ्ठ्यानं ठरवा. एकाच प्रकारच्या केसेस, सारखेच कागद, मग एका केसचा ठरलेला दर आणि संख्येप्रमाणे तो कमी. मोठ्या कंपन्याही हेच करतात, फायझर या औषध कंपनीनं २००९ पासून निवडक लॉ फर्मना वर्षाची ठोक फी देऊन कामं वाटून दिली होती.

पण चेकच्या केसमध्ये मुदती फार कडक आहेत. बँकेची खबर आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. गठ्ठ्यात एखादी केस हरवली की चेक गेला. म्हणून मुदतीचा तक्ता कोण ठेवणार, कंपनी की वकिलाचं ऑफिस, हे फीच्या कागदावरच लिहा. माझं मत विचाराल तर दोघांनीही ठेवावा.

एमएसएमईचा रस्ता स्वस्त पडते म्हणतात, खरं आहे का?

एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग. माल तयार करणारी किंवा सेवा देणारी सूक्ष्म-लघु कंपनी असेल आणि उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर आधी तो रस्ता बघा. २००६ च्या कायद्याप्रमाणे खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, महिन्या-महिन्याच्या हिशोबानं. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून कौन्सिलकडं, म्हणजे अशा थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडं, जाते. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे उगाच लांबवणारे जरा विचार करतात. इथं ठोक फीच योग्य, कारण कागद ठरलेले असतात. नोंदणी माल द्यायच्या आधीच करून ठेवा, नंतर केली तर त्यावरच वाद होतो. नुसता घेऊन विकणारा व्यापार असेल तर हा फायदा धरू नका.

मुंबईची फर्म म्हणते आम्ही तासानंच घेतो. मग काय करायचं?

घाबरायचं नाही, बोलायचं. तासाचा दर ठेवा पण कमाल मर्यादा मागा: या टप्प्याला एवढ्याच्या वर जाणार नाही, जायचं असेल तर आधी आमची लेखी परवानगी. ही एक अट लावून घेतली तरी महिनाअखेरीचा धसका जातो. प्रत्येक टप्प्याच्या आधी अंदाजपत्रक मागा. एका मीटिंगला तीन वकील बसले तर तिघांचं बिल नको, हे आधी सांगा. प्रवासाचे तास अर्ध्या दरानं किंवा बिनपैशानं, आणि नवख्या वकिलाला विषय समजून घ्यायला लागलेला वेळ आपल्या बिलात नको.

काही फर्म सगळ्यांचा मिळून एक सरासरी दर देतात. तो मोठ्या साहेबांच्या दरापेक्षा कमी दिसतो म्हणून लगेच हो म्हणू नका, कारण मग बहुतेक काम अगदी नवीन पोरांकडं जातं आणि दर मात्र सरासरीचा लागतो. कोण किती काम करणार हे विचारा. आणि आता मसुदे, शोधाशोध ही कामं सॉफ्टवेअरनं, एआयनं पटापट होऊन राहिली, म्हणजे तासाचा हिशोब धरला तर जो वकील लवकर काम करेल त्यालाच कमी पैसे. हा मुद्दा फर्मसमोर मोकळेपणानं ठेवा, बऱ्याचदा ते स्वतःच ठोक फीवर येतात.

फीमध्ये झेरॉक्स, टायपिंग, कोर्ट फी स्टॅम्प सगळं आलं ना?

नाही आलं, आणि हे न विचारल्यामुळे किती संबंध तुटलेले पाहिलेत. फी वेगळी, खर्च वेगळा. कोर्ट फी, टायपिंग, प्रती, प्रवास, दुसऱ्या गावचा स्थानिक वकील, नागपूरला सीनिअर लावला तर त्याची फी, हे सगळं वेगळं लिहा. दिलेले पैसे फीचे की खर्चाचे हे वकिलाच्या हिशोबात दिसलं पाहिजे आणि मागितल्यावर हिशोबाची प्रत मिळाली पाहिजे, असं बार कौन्सिलच्या नियमातच आहे. हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नाही. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. व्यापारी दाव्यात हरलेल्यानं जिंकलेल्याचा खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम आहे, तो मागायचा तर पावत्या लागतात, आणि टप्प्यानं दिलेली फी दाखवायला सोपी जाते.

जीएसटी, टीडीएस कोण भरते?

कंपनीची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या वर असेल तर वकिलाच्या फीवरचा १८ टक्के जीएसटी कंपनीनंच उलट आकारणीनं भरायचा असतो, वकील तो बिलात लावत नाही. तुमचा विकलेला माल करमुक्त असेल तर त्याचा परतावा मिळत नाही, म्हणून बजेट करताना फीमध्ये हे १८ टक्के धराच. टीडीएस, म्हणजे फी देतानाच कापून सरकारकडं भरायचा आयकर, १० टक्के, एका वर्षात ५० हजारांच्या वर फी गेली तर, ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून वाढलेली आहे. बाकी तुमच्या सीएला विचारा.

असं सगळं विचारलं त वकीलसाहेबाले राग नाही येणार का?

बोलण्याच्या पद्धतीवर आहे. "साहेब, आमचं मंडळ आहे, सभासदांच्या पैशाचा हिशोब द्यावा लागतो, म्हणून टप्प्यानं लिहून द्या" असं म्हटलं तर समजदार वकील उलट खुश होतो, कारण त्यालाही टप्प्याच्या सुरुवातीला पैसे मिळतात. पेशीच्या फीसाठी पक्षकाराला फोन करून करून तेही थकलेले असतात.

आणि एक मनापासून सांगायचं आहे. फी अगदी हाडापर्यंत घासू नका. वकिलानं आपल्या अनुभवाला आणि केसच्या स्वरूपाला साजेशी फी घ्यावी असं नियमही म्हणतो. दुसऱ्या गावचा वकील निम्म्यात करतो म्हणून त्याच्या मागं पळाल, तर तो बाकीचे पैसे कुठून तरी काढेलच किंवा काम तसंच करेल. ठरलेल्या तारखेला फी द्या. आपण तारीख चुकवायची आणि वकिलाकडून वेळेची अपेक्षा करायची, हे बरं नाही.

पटलं नाही त वकील बदलता येते का? कागद देईन का तो?

येतो. झालेल्या टप्प्यांची फी चुकती करा, पुढच्या टप्प्याचं काही देणं राहत नाही, टप्पा पद्धतीचा हाही एक मोठा फायदा आहे. फी बाकी असली तरी वकिलाला कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं २००० मध्ये आर. डी. सक्सेना केसमध्ये हे स्पष्ट केलंय. फीसाठी त्याला वेगळा दावा करता येतो. कामाबद्दल तक्रार असेल तर ग्राहक मंचात जाता येत नाही, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं वकिलांची सेवा ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवली. गैरवर्तन असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं तक्रार होते. म्हणूनच सुरुवातीचा कागद पक्का असावा, नंतर दाद मागायच्या जागा फार नाहीत.

कागदावर काय काय लिहायचं?

एक-दीड पान पुरतं. कोणती केस, कोण वकील स्वतः उभे राहणार, टप्पे आणि प्रत्येकाची फी, टप्पा कधी पूर्ण झाला असं धरायचं, तहकुबीला काय, खर्च कोणते आणि किती रकमेच्या वर विचारायचं, मुदती कोण सांभाळणार, महिन्यातून एकदा केसची स्थिती कोण कोणाला कळवणार, आणि मधेच मिटलं किंवा वकील बदलला तर हिशोब कसा. मराठीत लिहा. संचालक मंडळाचा ठराव करून त्याला हा कागद जोडा, म्हणजे पुढच्या वर्षी मंडळ बदललं तरी नव्या लोकांना शून्यापासून विचारावं लागत नाही.

आमची केस आधीच पेशीच्या फीवर चालू आहे, आता बदलता येते का?

येते, पण मधेच नाही, टप्प्याच्या कडेवर. पुरावा संपला की किंवा मुद्दे निघाले की त्या दिवशी साहेबांशी बोला. आजपर्यंतचा हिशोब पूर्ण करा, बाकी असेल ती द्या, आणि उरलेल्या टप्प्यांपुरती फी नव्यानं लिहा. साक्षी-पुरावा अर्धवट असताना फीचा विषय काढला तर वकिलाचं लक्षही उडतं आणि तुमचंही. तोपर्यंत दोन दराची पेशी, कामाची आणि तहकुबीची, तेवढी उद्यापासून सुरू करता येते. त्याला नवा कागदही लागत नाही, मागच्या फीच्या पावतीवर दोघांनी लिहून सही केली तरी चालतं.